पाच पैशांचा वाटा : १९७१ च्या निर्वासित-साहाय्याचा जमाखर्च

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबांचा पत्रव्यवहार एकेकाळी मोठा होता. इंदूरहून पुण्याला, बडोद्याहून साताऱ्याला, हैदराबादहून नांदेडला नियमाने पत्रे जात. लग्नमुंजीच्या आमंत्रणांपासून वडिलोपार्जित जमिनीच्या वादापर्यंत सारे काही त्यांत असे, आणि ती जपून ठेवण्याचीही आपल्या घरांतून रीत होती. अशा एखाद्या गठ्ठ्यात १५ नोव्हेंबर १९७१ ते ३१ मार्च १९७३ या काळातील पाकीट सापडले, तर ते जरा निरखून पाहावे. वीस पैशांच्या नेहमीच्या तिकिटाखेरीज पाच पैशांचे आणखी एक तिकीट त्यावर लावलेले दिसेल. आरंभी त्यासाठी स्वतंत्र तिकीट पुरेसे तयार नव्हते. म्हणून कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी काढलेल्या, आईवडील व मुले यांचे चित्र असलेल्या चालू तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ ही अक्षरे छापण्यात आली. काही गावी तर ती स्थानिक पातळीवरच उमटवण्यात आली. १ डिसेंबरपासून निर्वासितांचे चित्र असलेले नवे तिकीट निघाले. पोस्टकार्डाला मात्र हा कर माफ होता. गरिबाच्या पत्राला हात लावायचा नाही, एवढे भान कर बसवणाऱ्यांनी ठेवले होते.

त्या वेळी केंद्रात अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि निर्वासितांचा भार ज्या श्रम व पुनर्वसन खात्यावर पडला होता त्याचे मंत्री होते र. के. खाडिलकर. ऑक्टोबर १९७१ मध्ये वटहुकूम काढून सरकारने टपालाबरोबरच रेल्वेचे तिकीट, देशांतर्गत विमानप्रवास आणि वृत्तपत्रे यांवरही निर्वासित-साहाय्यासाठी कर बसवला. वृत्तपत्राच्या प्रतीमागे दोन पैसे, पाकिटामागे पाच पैसे. पूर्व बंगालची सीमा ज्यांनी कधी पाहिली नव्हती आणि पाहण्याचा संभवही नव्हता, अशा कोट्यवधी माणसांनी हे पैसे भरले. हा कर का बसवावा लागला आणि ज्या कामासाठी तो बसवला ते काम प्रत्यक्षात कसे चालले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. १९७१ म्हटले की आपल्याला तेरा दिवसांचे युद्ध आणि ढाक्याची शरणागती आठवते. त्याआधी आठ महिने चाललेल्या अन्नवाटपाचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तलीला प्रारंभ केला आणि एप्रिलपासून सीमेवर माणसांची रीघ लागली. डिसेंबरपर्यंत भारत सरकारच्या नोंदवहीत ९८,९९,३०५ निर्वासितांची नोंद झाली. यांतील सुमारे ७५ लाख एकट्या पश्चिम बंगालमध्ये होते. त्रिपुरात १४ लाख १६ हजार, मेघालयात ६ लाख ६८ हजार, आसामात ३ लाख १३ हजार अशी बाकीची विभागणी होती. नुसत्या आकड्यांवरून या भाराची कल्पना येत नाही. तो कोणाच्या खांद्यावर पडला हे पाहावे लागते. १९७१ च्या जनगणनेनुसार त्रिपुराची लोकसंख्या १५ लाख ५६ हजार होती. म्हणजे त्या चिमुकल्या प्रदेशात जवळजवळ दर घरच्या माणसामागे एक निर्वासित येऊन राहिला. शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींत निर्वासित उतरले आणि शिकवणे थांबले.

आता खर्चाची बाजू पाहू. २८ मे १९७१ रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात यशवंतरावांनी निर्वासितांसाठी ६० कोटी रुपयांची तरतूद केली. ती करताना पुढे किती माणसे येणार याचा अंदाज कोणालाच नव्हता. ऑगस्टमध्ये २०० कोटींची पुरवणी मागणी संसदेपुढे आणावी लागली. पहिल्या तरतुदीच्या तिपटीहून अधिक रक्कम तीन महिन्यांच्या आत मागावी लागली, यावरून त्या काळातील अर्थखात्याची अवस्था ध्यानात येते. निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नव्हती, आजही केलेली नाही. त्यामुळे या लोकांना अन्न-निवारा देण्याची कोणतीही करारबद्ध सक्ती देशावर नव्हती. हे लोक परत जाणार आहेत, येथे कायमचे वसवले जाणार नाहीत, ही सरकारची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. मात्र ते परत जाईपर्यंत त्यांना जगवायचे, हेही तितकेच ठरलेले होते. या निर्णयाचे महत्त्व असे, की तो पैशाची सोय होण्याच्या आधी घेतला गेला. पंक्तीला बसलेल्या माणसाला शिधा अजून यायचा आहे, असे सांगता येत नाही. सरकारने आपल्या पतीवर खर्च सुरू केला आणि तो भागवायचा कसा, हा प्रश्न मागाहून सोडवायला घेतला.

जमेच्या बाजूला पहिली अपेक्षा अर्थातच जगाकडून होती. एप्रिलच्या अखेरीस भारताने संयुक्त राष्ट्रसंघाकडे साहाय्य मागितले. सरचिटणीस यू थांट यांनी निर्वासितविषयक उच्चायुक्त प्रिन्स सद्रुद्दीन आगाखान यांच्याकडे समन्वयाचे काम सोपवले आणि १९ मे रोजी जगाला जाहीर आवाहन केले. त्या वेळी सहा महिन्यांची गरज १७ कोटी ५० लाख डॉलर धरली होती. परंतु आवाहनाला प्रतिसाद येईपर्यंत निर्वासितांची संख्याच त्या हिशेबाला मागे टाकून पुढे गेली. आकडा वाढवून मागायचा आणि तोही अपुरा पडायचा, असे वर्षअखेरपर्यंत चालले. शिवाय अशा मदतीत जाहीर केलेली रक्कम, प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम आणि वस्तुरूपाने आलेली मदत या तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. औषधे, लस, ताडपत्री, मालमोटारी, दुधाची भुकटी हे सारे उपयोगी खरे; पण छावणीतल्या चुलीला रोज लागणारे तांदूळ, डाळ आणि सरपण जवळच्या बाजारातूनच आणि रोख पैशानेच घ्यावे लागते. सर्व देशांनी मिळून दिलेली मदत एकूण खर्चाच्या निम्म्यालाही पोहोचली नाही. उरलेला भार भारताच्या तिजोरीवर राहिला.

या संदर्भात एक प्रसिद्ध उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली. जगाचे लक्ष या दुःखाकडे वळवण्यात तिचा वाटा फार मोठा आहे आणि तो कोणी नाकारू नये. तिकिटांच्या विक्रीतून आलेले २,४३,४१८ डॉलर ५० सेंट युनिसेफला देण्यात आले. त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या दराने ही रक्कम सुमारे १८ लाख रुपये होते. छावण्यांत पुढे ६८ लाख माणसे होती. माणशी दिवसाला अवघा एक रुपया खर्च धरला, तरी हे १८ लाख सहा-सात तासांत संपतात. मैफलीच्या ध्वनिमुद्रिकांची विक्री याहून कितीतरी मोठी झाली. पण धर्मादाय कार्याची नोंदणी आधी केली नव्हती, या कारणावरून अमेरिकेतील करखात्याशी वाद उद्भवला आणि तो पैसा वर्षानुवर्षे अडकून पडला. तोपर्यंत निर्वासित आपापल्या घरी पोहोचून त्यांची मुले शाळेतही जाऊ लागली होती. दात्याची दानत कितीही मोठी असली, तरी पैसा भुकेच्या वेळी पोहोचला नाही तर भुकेपुरता तो नसल्यासारखाच. साहाय्याच्या हिशेबात रकमेइतकेच तारखेलाही मोल असते.

पैसा उपलब्ध झाला तरी तो थेट माणसाच्या ताटात पडत नाही. मधला रस्ता लांबचा असतो. निर्वासितांच्या व्यवस्थेसाठी पुनर्वसन खात्याची एक शाखाच कलकत्त्यात उघडण्यात आली आणि कर्नल पी. एन. लुथरा हे अतिरिक्त सचिव तिचे प्रमुख झाले. एकूण ८२५ छावण्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी ४९२ पश्चिम बंगालमध्ये आणि २७६ त्रिपुरात होत्या. छावणीतील प्रौढ माणसाला रोज ३०० ग्रॅम तांदूळ आणि त्याशिवाय गव्हाचे पीठ, डाळ, तेल व थोडी साखर, असा शिधा ठरलेला होता. लहान मुलांना त्याच्या निम्मा. छावण्यांतील ६८ लाख माणसांपैकी निम्मी मुले धरली, तरी नुसता तांदूळच दिवसाला दीड हजार टन लागतो. हा तांदूळ मिळवायचा, आगगाडीत भरायचा, उतरवायचा, मालमोटारीने पावसाळी रस्त्यावरून न्यायचा आणि शिधापत्रिका पाहून मापून द्यायचा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्रिपुराची अडचण तर निराळीच होती. फाळणीपूर्वी आगरतळ्याला अखौरा हे रेल्वेस्थानक हाकेच्या अंतरावर होते. फाळणीने ते पूर्व पाकिस्तानात गेले. १९७१ मध्ये कलकत्त्याहून निघालेले धान्य उत्तर बंगालच्या चिंचोळ्या पट्ट्यातून आसामात, तेथून मीटरगेजने त्रिपुराच्या उत्तर टोकाला धर्मनगरपर्यंत आणि तेथून सुमारे दोनशे किलोमीटर डोंगरी रस्त्याने आगरतळ्याला पोहोचत असे. त्यातच मोसमी पाऊस. सीमेपलीकडून आलेला माणूस काही मैल चालून येई. त्याच्यासाठी निघालेल्या तांदळाला मात्र देशाच्या ईशान्य भागाला वळसा घालून यावे लागे.

निवाऱ्याचीही तीच कथा. कलकत्त्याच्या सॉल्ट लेक भागातील छावणीत अडीच लाखांच्या आसपास माणसे होती. बांबू, ताडपत्री आणि प्लॅस्टिकचे कापड जेथे पुरले नाही तेथे गटारबांधणीसाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या नळांत कुटुंबे राहिली. त्या नळांत बसलेल्या बायकामुलांची छायाचित्रे जगभर छापून आली. गर्दी, चिखल आणि दूषित पाणी यांचा परिणाम मे-जूनमध्येच दिसू लागला आणि पटकीची साथ पसरली.

या साथीतील एक प्रकरण साहाय्याच्या इतिहासात फार मोलाचे आहे. सीमेजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात जूनअखेर डॉ. दिलीप महालनबीस पोहोचले. शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले होते. ते देण्यास शिकलेली माणसेही मोजकीच होती आणि रुग्ण जमिनीवर, व्हरांड्यात पडलेले होते. महालनबीस यांनी ग्लुकोज, साधे मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मापून बांधलेले मिश्रण कलकत्त्यात तयार करून घेतले. ते स्वच्छ पाण्यात विरघळवून पिंपांत भरले आणि रुग्णाच्या आईला, भावाला, शेजाऱ्याला पेल्याने पाजायला सांगितले. मिश्रणाचे तत्त्व प्रयोगशाळेत आणि लहान प्रमाणावरील चाचण्यांत आधीच सिद्ध झाले होते; परंतु अशिक्षित नातेवाइकांच्या हाती ते देऊन हजारोंचे प्राण वाचवता येतील, यावर अनेक तज्ज्ञांचा विश्वास नव्हता. एरवी अशा परिस्थितीत शंभरांत तीसपर्यंत रुग्ण दगावत. बनगावच्या छावणीत हे प्रमाण चारांच्याही खाली आले. एक लिटर मिश्रणाला खर्च येई अकरा पैसे. पाच पैशांची दोन तिकिटे आणि वर एक पैसा. पुढे हाच उपचार जगभर गेला. महालनबीस यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा नव्हे. पटकीला आळा बसला तरी कुपोषणाने, अतिसाराने, गोवराने लहान मुले मोठ्या संख्येने दगावली. वाटप कागदावर होते तेवढे हातात पडले नाही, असेही अनेक ठिकाणी घडले. आणखी एक दुखणे असे, की छावणीच्या कुंपणाबाहेर राहणारा स्थानिक शेतमजूर छावणीतल्या माणसाहून सुखी होताच असे नाही. निर्वासितांना निदान मापलेला शिधा मिळे. त्याच्या गावात मात्र धान्य महागले आणि मजुरी उतरली. शिवाय ३१ लाख निर्वासित छावण्यांत नव्हतेच. ते सीमेलगतच्या गावांतून नातलगांच्या, परिचितांच्या घरी राहिले. त्या घरांतील चुलींनी किती पदरमोड केली, त्याची नोंद कोणत्याही सरकारी जमाखर्चात मिळणार नाही.

हा भार देशभर वाटून घेण्याचा सरळ उपाय म्हणजे निर्वासितांनाच निरनिराळ्या प्रांतांत नेणे. तसा प्रयत्न झाला. आगगाड्यांतून आणि सोव्हिएत विमानांतून काही लोकांना रायपूरजवळील माना येथे हलवण्यात आले. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, त्यामुळे इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना माना हे नाव परके नसेल. पण मध्य प्रदेशातील तीन छावण्यांत मिळून सुमारे २ लाख १९ हजार आणि उत्तर प्रदेशात १० हजार, यापुढे हे स्थलांतर फारसे गेले नाही. एक कोटीच्या मानाने ते अगदीच थोडे. ज्यांना महिन्या-दोन महिन्यांत घरी परतण्याची आशा होती, त्यांना सीमेपासून दूर जाण्याची इच्छाही नव्हती. माणसांची गर्दी देशभर वाटता येत नव्हती. वाटता येण्यासारखा होता तो फक्त खर्च. पाच पैशांच्या तिकिटाचा खरा अर्थ येथे लागतो. भूगोलाने त्रिपुरावर आणि नदिया, चोवीस परगण्यावर जे लादले, त्याचा एक अंश बडोद्याच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या पाकिटावर चढवला गेला.

या करावर आक्षेप घेता येतात. तो ऐच्छिक नव्हता. त्याचा पैसा कोणत्याही करासारखा केंद्राच्या संचित निधीत जमा होई, निर्वासितांच्या नावाच्या वेगळ्या पेटीत नव्हे. आणि निर्वासित परत गेल्यावरही तो वर्षभर चालू राहिला. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली, १ जानेवारी १९७२ पासून सरकारी व्यवस्थेने परतपाठवणी सुरू झाली आणि मार्चअखेर बहुतेक सर्व निर्वासित वाटेचा शिधा घेऊन मायदेशी पोहोचले. इतक्या मोठ्या संख्येने आलेले लोक इतक्या थोड्या अवधीत परत गेल्याची उदाहरणे इतिहासात विरळ. तिकीट मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत लागत राहिले. पण वर सांगितलेला क्रम लक्षात घेतला तर यात विसंगती दिसणार नाही. खर्च आधी झाला होता. कर त्याची फेड करीत होता. जेवण १९७१ मध्ये वाढले गेले आणि त्याचे बिल देश १९७३ पर्यंत थोडेथोडे चुकवीत राहिला. हा क्रम उलटा असता, म्हणजे आधी पैसा जमू द्यावा आणि मग शिधा वाटावा असे ठरले असते, तर जूनच्या पावसात काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

हा विचार केवळ जुन्या इतिहासापुरता राहत नाही. ज्यांच्यासाठी ही तिकिटे लागली त्यांच्याच देशावर पुढे यजमान होण्याची पाळी आली. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले आणि कॉक्स बझारच्या छावण्यांत राहिले. तेथील अन्नसाहाय्य जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत देशोदेशींच्या ऐच्छिक देणग्यांवर चालते. देणग्या आटल्या तेव्हा मार्च २०२३ मध्ये माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा १० डॉलरवर आणि जूनमध्ये ८ डॉलरवर आणावा लागला. त्या कपातीच्या काळात छावणीतल्या मुलांची भूक काही कमी झाली नव्हती. पुढील वर्षी शिधा पुन्हा वाढवण्यात आला. तोपर्यंतच्या महिन्यांची भरपाई मात्र कोणत्याही वाढीने होण्यासारखी नसते.

दोन्ही प्रसंगी जगाची मदत गरजेपेक्षा कमी आणि गरजेपेक्षा उशिरा आली. फरक एवढाच, की १९७१ मध्ये ती तूट भरून काढायला एक सरकार उभे होते आणि त्या सरकारने तो भार आपल्या नागरिकांवर उघडपणे, तिकिटावर छापून टाकला. नागरिकांनीही फारशी कुरकुर न करता तो उचलला. पत्रात त्याचा उल्लेखही क्वचितच केला असेल. आपण मराठीत ‘निर्वासित’ म्हणतो. ज्याची वस्ती उठवली गेली, तो. तिकिटावरचा ‘शरणार्थी’ हा शब्द त्याच माणसाकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. तो आता काही मागायला आला आहे, आणि ते कोणीतरी द्यायचे आहे. देणारा कोण, हे १९७१ मध्ये टपालाच्या खिडकीवर ठरले होते. आज ते देणगीदारांच्या परिषदांतून दरवर्षी नव्याने ठरते, आणि तोवर छावणीतील माणसाने धीर धरावा अशी अपेक्षा असते.